पिट्युटरीची गाठ: दोन एमआरआय झाले, तरी ऑपरेशनआधी तिसरा आणि वर सीटी कशासाठी?

शमी

नमस्कार. गेले सहा आठवडे घरात दुसरा विषय नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी थोरली बहीण, वय ४७. वर्षभर तिचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा, शेजारून येणारं माणूस तिला दिसायचंच नाही. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो, याचं आता फार वाईट वाटतं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी केली. दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू काळी निघाली आणि त्यांनी त्याच दिवशी एमआरआय करायला पाठवलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत २४ मिलिमीटर उंचीची गाठ आहे. पहिला एमआरआय साध्या मेंदूचा होता, दुसरा कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध शिरेतून) देऊन केला. रिपोर्टमध्ये ‘मॅक्रोअडेनोमा, कायझमवर दाब, नोस्प ग्रेड २’ असं लिहिलं आहे. मॅक्रोअडेनोमा म्हणजे १ सेंटिमीटरहून मोठी गाठ आणि कायझम म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ती जागा, एवढं कळलं.

आता ज्यांच्याकडे नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन ठरतंय, ते सर्जन म्हणतात की नेव्हिगेशनसाठी आणखी एक एमआरआय आणि नाक-सायनसचा पातळ कापांचा सीटी हवा. ताई मशीनमध्ये जायलाच घाबरते. गाठ दिसली, मोजली, आता आणखी काय बघायचं राहिलं? कोणी अनुभवी असेल तर समजावून सांगा. उगाच करायला लावत आहेत का, एवढंच मला कळून घ्यायचं आहे.

रेघोटी

शमीताई, मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे, चौदा वर्षं झाली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आठवड्यातून एखादं तरी कुटुंब येतं.

ही ग्रंथी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची, वाटाण्याएवढी. साध्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सोडतात. अख्खा मेंदू बघायला ते पुरतं, पण वाटाणा बघायला नाही. म्हणून पिट्युटरीचा एमआरआय वेगळा करतात: २ ते ३ मिलिमीटरचे काप, समोरून आणि बाजूने असे दोन दिशांनी, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर. तुमचा दुसरा एमआरआय हा झाला.

तिसरा आहे तो नकाशासाठी. नेव्हिगेशनचं यंत्र ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातातल्या अवजाराचं टोक पडद्यावर तुमच्या बहिणीच्याच चित्रात दाखवतं. त्यासाठी १ मिलिमीटरचे, मध्ये अजिबात जागा न सोडलेले काप लागतात आणि चित्रात कपाळ, नाकाचं टोक, गाल, सगळा चेहरा यावा लागतो. कारण ऑपरेशनच्या सुरुवातीला चेहऱ्याच्या कातडीवरून एक सळई फिरवून यंत्राला ‘हे नाक ते हेच’ अशी ओळख पटवतात. नेहमीच्या तपासणीत आम्ही नाकाचं टोक कापून टाकतो, ते कोणाला लागत नाही. इथे ते नसेल तर अख्खा एमआरआय निरुपयोगी. हेडफोन किंवा पट्टी घट्ट बसून गालाची कातडी दबली, तरी जुळणी चुकते. एकदा माझ्या हातून अशीच पट्टी आवळली गेली आणि त्या रुग्णाला पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी हाताने चाचपून बघते.

ताईंना भीती वाटत असेल तर आधी सांगा. डोळ्यांवर घडी घातलेलं फडकं ठेवून आत गेलं की बऱ्याच जणांना सोपं जातं, आणि हातात बेल असतेच. गरज पडली तर सौम्य औषधही देतात, पण ते आधी ठरवावं लागतं.

निशिगंध

शमी, चार वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं. तू विचारलंस ते बरं केलंस, मी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं.

एक गोष्ट आत्ताच कर. दोन्ही एमआरआयच्या सीडी मागून घे. मी फिल्म आणि रिपोर्ट घेऊन गेले होते. सर्जननी फिल्म उजेडाला धरली, बाजूला ठेवली आणि सीडी मागितली. माझ्याकडे नव्हती. जिथे तपासणी झाली होती तिथे ती मिळवायला नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांत उजव्या डोळ्याने मला घड्याळ वाचता येईनासं झालं. फिल्मवर त्यांनी निवडलेली पंधरा-वीस चित्रं असतात, सीडीवर शेकडो. सर्जनला एकामागून एक काप सरकवत जायचं असतं.

सीटीचं म्हणशील तर तो दोन मिनिटांत होतो, आवाज नाही, बंद नळीही नाही. माझ्या सीटीत दिसलं की नाकाचा पडदा डावीकडे वाकडा आहे, म्हणून त्यांनी उजव्या बाजूने जास्त काम करायचं आधीच ठरवलं.

अवकाळी

शमी, आधी एमआरआय किती टेस्लाच्या (म्हणजे चुंबक किती ताकदीचं) मशीनवर झाला ते बघा. १.५ टेस्ला असेल तर तो फेकून द्या आणि ३ टेस्लावर करा. आणि कॉन्ट्रास्ट तिसऱ्यांदा घेऊ देऊ नका. ते गॅडोलिनियम असतं, जड धातू, मेंदूत साठून राहतं.

रेघोटी

अवकाळी, तुमची काळजी खरी आहे, पण दोन्ही गोष्टी जरा सुधारते.

२४ मिलिमीटरची गाठ १.५ टेस्लावर स्पष्ट दिसते. ३ टेस्लाचा खरा फायदा ३-४ मिलिमीटरच्या गाठी शोधताना किंवा ऑपरेशननंतर उरलेला तुकडा शोधताना होतो. चांगल्या पद्धतीने केलेला १.५, घाईत केलेल्या ३ पेक्षा केव्हाही बरा.

गॅडोलिनियमचं म्हणाल तर अगदी थोडा अंश शरीरात राहतो हे २०१४ पासून माहीत आहे, आणि जुन्या सरळ साखळीच्या औषधांत तो जास्त राहतो. आता बहुतेक ठिकाणी कड्यासारख्या रचनेची औषधं देतात, ती धातूला घट्ट धरून ठेवतात. किडनी चांगली असताना या उरलेल्या अंशाने कोणाला आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. किडनी फार कमकुवत असेल तर मात्र धोका खरा असतो, त्यात कातडी आणि सांधे आखडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणूनच आम्ही आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मागतो. गरोदरपणात टाळतो. बाकी, कॉन्ट्रास्टशिवाय गाठ आणि शिल्लक राहिलेली चांगली ग्रंथी वेगळी ओळखता आली नाही तर ऑपरेशनमध्ये चांगली ग्रंथी जाण्याचं भय आहे. ते नुकसान जन्मभराचं असतं.

अवकाळी

किडनीचा मुद्दा माहीत नव्हता. ‘फेकून द्या’ हे शब्द मागे घेतो.

खोलदरी

मी कान-नाक-घसा सर्जन. अशा ऑपरेशनमध्ये नाकातून वाट करून द्यायचं काम आमचं, पुढे न्यूरोसर्जन. सीटी का, यावर सविस्तर लिहितो, कारण बऱ्याचदा लोकांना तो फालतू वाटतो.

एमआरआयमध्ये मऊ भाग दिसतो. हाड आणि हवा दोन्ही काळी. आणि आमची सगळी वाट हाड आणि हवेतूनच जाते. नाकाच्या मागे कवटीच्या तळात स्फेनॉइड नावाची हवेची पोकळी आहे, तिच्या मागच्या भिंतीपलीकडे खोगिरासारख्या खळग्यात पिट्युटरी बसलेली असते. या खळग्याला सेला म्हणतात. त्या मागच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना उभे उंचवटे असतात. त्या कॅरोटिड, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या. त्यांच्यावरचं हाड अंड्याच्या टरफलापेक्षाही पातळ असू शकतं, आणि काही जणांत ते हाड नसतंच, नुसता पडदा असतो. ते मला ऑपरेशनच्या टेबलावर कळून उपयोग नाही.

दुसरं, स्फेनॉइडच्या पोकळीत हाडाचे पडदे असतात. पुस्तकातल्या चित्रात एकच पडदा मधोमध दाखवतात. प्रत्यक्षात तो क्वचितच मधोमध असतो, आणि अनेकदा मागे जाऊन नेमका कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटतो. असा पडदा चिमट्यात धरून पिळून काढला तर त्याच्याबरोबर धमनीची भिंत फाटू शकते. सीटीवर हे आधी दिसलं की आम्ही तो पिळत नाही, ड्रिलने हळूहळू झिजवतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण माणूस वाचतो किंवा जातो तो अशाच गोष्टीत.

तिसरं म्हणजे पोकळी किती मोठी आहे. काहींमध्ये ती सेलाच्या खालपर्यंत आणि मागेही पसरलेली असते, मग खळग्याचा फुगवटा समोर स्वच्छ दिसतो. काहींमध्ये ती पुढेच थांबते. थोड्या जणांत, आणि लहान मुलांत, तिथे पोकळीच नसते, सगळं भरीव हाड. मग वाट कोरून काढावी लागते आणि अशा वेळी नेव्हिगेशनशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात विहीर खणणं. याखेरीज ओनोडी पेशी नावाची एक हवेची खोली कधी कधी स्फेनॉइडच्या वर सरकून बसते. तिला स्फेनॉइड समजून आत शिरलं तर समोर दृष्टीची नस येते, तीही उघडी.

अॅक्रोमेगाली असलेल्या रुग्णांत, म्हणजे ज्यांचे हात-पाय-जबडा वाढतात त्यांच्यात, दोन्ही कॅरोटिड वळणावळणाच्या होऊन मधे सरकलेल्या असतात. क्वचित त्या एकमेकींजवळ इतक्या येतात की मधे जेमतेम अवजार मावतं. तिथे आम्ही रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओही मागतो.

ताईंचा सीटी करून घ्या. मी तो पाहिल्याशिवाय कोणाच्याच नाकात दुर्बीण घालत नाही.

जुनीपानं

खोलदरींचं वाचून आठवलं म्हणून थोडं विषयांतर. नाकाच्या वाटेने पिट्युटरीचं पहिलं ऑपरेशन १९०७ मध्ये श्लॉफर यांनी इन्सब्रुकला केलं. तेव्हा हातात काय होतं, तर कवटीचा साधा एक्सरे. त्यात फक्त खळगा फुगलाय का, तळ झिजलाय का, एवढंच दिसे. गाठ दिसतच नसे, तिने हाडावर सोडलेली खूण दिसे. न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी अशाच एक्सरेवर आणि डोळ्यांच्या तपासणीवर भिस्त ठेवून २३१ जणांवर या वाटेने ऑपरेशन केलं आणि पुढे ते कवटी उघडण्याकडे वळले. १९१९ मध्ये डँडी यांनी पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूभोवतीच्या पोकळ्या एक्सरेवर उमटवायची रीत काढली. रुग्णाला भयंकर डोकेदुखी व्हायची, पण गाठीचा वरचा घुमट पहिल्यांदा दिसला. १९५०-६० च्या काळात गियो यांनी चालू ऑपरेशनमध्ये एक्सरेचा पडदा आणला, हार्डी यांनी मायक्रोस्कोप आणला, तेव्हा नाकाची वाट पुन्हा रुळली. सीटी १९७१ मधला, एमआरआय त्याच्याही नंतरचा. या ऑपरेशनचा सगळा इतिहास म्हणजे ‘आत शिरण्याआधी किती दिसतं’ याचाच इतिहास आहे असं मला वाटतं.

पाऊलखूण

नोस्प ग्रेड कोणी समजावेल का? माझ्या मेव्हण्यांच्या रिपोर्टमध्ये ३ आहे आणि आम्ही तो कॅन्सरचा तिसरा टप्पा समजून रात्र काढली.

पडछाया

पाऊलखूण, आधी हे सांगतो: हा कॅन्सरचा टप्पा मुळीच नाही. या गाठी जवळजवळ सगळ्या साध्या असतात. (मी रेडिओलॉजिस्ट आहे.)

ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस नावाची शिरांची खोली असते. तिच्यातून कॅरोटिड जाते आणि डोळा हलवणाऱ्या नसाही जातात. गाठ त्या खोलीत शिरली आहे का, यावर ती पूर्ण निघेल की नाही हे बरंचसं ठरतं. व्हिएन्नाच्या नोस्प यांनी १९९३ मध्ये सोपी युक्ती काढली. समोरून घेतलेल्या कापात कॅरोटिडचे दोन छेद दिसतात, एक वर, एक खाली. त्यांना जोडणाऱ्या तीन रेषा मनात ओढायच्या: आतल्या कडेला टेकणारी, मध्यातून जाणारी, बाहेरच्या कडेला टेकणारी. गाठ आतल्या रेषेच्या आतच असेल तर ०, ती ओलांडून मधल्या रेषेपर्यंत १, मधली ओलांडली तर २, बाहेरचीही ओलांडली तर ३, आणि धमनीला पूर्ण वेढा घातला तर ४. २०१५ मध्ये ३ चे दोन भाग केले: गाठ धमनीच्या वरून गेली तर ३अ, खालून गेली तर ३ब. फरक मोठा आहे. दुर्बिणीने प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा ३अ मध्ये साधारण चारांत एकाची गाठ खोलीत शिरलेली निघाली, ३ब मध्ये दहांत सातांची. ग्रेड २ मध्ये दहांत एकाची.

शमीताई, तुमच्या बहिणीची ग्रेड २ म्हणजे बहुतेक वेळा गाठीने भिंत नुसती ढकललेली असते, फोडलेली नसते. मधली ती भिंत इतकी पातळ आहे की एमआरआयमध्ये ती सरळ दिसत नाही, म्हणून आम्ही रेषांवरून अंदाज बांधतो. शेवटचं उत्तर दुर्बीणच देते.

रिपोर्टमध्ये एका ओळीत न मावणाऱ्या आणखी काही गोष्टी सर्जन चित्रात शोधतात. चांगली ग्रंथी कुठे दाबली गेली आहे, डावीकडे, उजवीकडे की वर? ग्रंथीच्या मागच्या भागाचा एक पांढरा ठिपका साध्या टी-१ (टी-१, टी-२ हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) चित्रात दिसतो, तो कुठे सरकलाय? पाण्याचं संतुलन राखणारं संप्रेरक तिथे साठतं, म्हणून तो सांभाळायचा असतो. टी-२ चित्रात गाठ पांढरट असेल तर ती बहुधा मऊ असते आणि चोखून निघते, काळपट असेल तर चिवट असू शकते. पण हा अंदाज दगा देतो, मी स्वतः दोन्ही बाजूंनी चुकलो आहे. गाठ कमरेला आवळल्यासारखी, आठाच्या आकड्यासारखी दिसली तर सेलाच्या छपराचं छिद्र अरुंद आहे आणि वरचा भाग आपोआप खाली उतरेलच असं नाही.

आणि एक गोष्ट मी दर वेळी, अगदी दर वेळी पाहतो: ही गाठच आहे ना? तिथे कॅरोटिडचा फुगाही असू शकतो, तो हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो आणि त्याला सुरी लावणं म्हणजे मृत्यू. वाहत्या रक्ताची काळी सावली दिसली की आम्ही थांबतो आणि अँजिओ करतो. कॅरोटिड वेढून तिला चिमटवणारी गाठ बहुधा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) असते, पिट्युटरीची गाठ वेढा घातला तरी सहसा चिमटवत नाही. सीटीवर चुन्याचे कण दिसले तर क्रेनिओफॅरिंजिओमाचा (याच जागेत होणाऱ्या वेगळ्या जातीच्या गाठीचा) विचार. हे प्रत्येक निदान वेगळ्या वाटेने नेतं.

संप्रेरक

सगळ्यांचं छान चाललंय, पण मला एक विचारायचंच आहे. शमी, ताईंच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) तपासून झालंय का? मी एंडोक्रायनॉलॉजीत आहे.

चित्र कितीही सुंदर असलं तरी गाठ कोणत्या जातीची हे ते सांगत नाही. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर ती कितीही मोठी असो, बहुतेकदा गोळ्यांनी आकसते आणि दृष्टीही सुधारते. तिथे ऑपरेशन हा पहिला पर्याय नाही. पिट्युटरीच्या देठावर नुसता दाब आला तरी प्रोलॅक्टिन थोडं वाढतं, पण ते सहसा १०० नॅनोग्रॅमच्या खाली राहतं. मोठी प्रोलॅक्टिनची गाठ असेल तर आकडा शेकड्यांत, हजारांत जातो. यात एक फसवणूक आहे: प्रोलॅक्टिन प्रचंड असेल तर तपासणीतली रसायनं संपून जातात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून मोठी गाठ आणि मध्यम आकडा असं दिसलं की लॅबला नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगायचं.

आणि टीएसएच यासाठी, की थायरॉइड खूप काळ मंद राहिलं तर पिट्युटरी त्याला हाकारत राहते आणि स्वतःच फुगते. एमआरआयमध्ये ती गाठीसारखीच दिसते. थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यावर काही महिन्यांत ओसरते. अशी एक तरुण मुलगी ऑपरेशनची तारीख घेऊन माझ्याकडे आली होती. चार महिन्यांनी तिचा एमआरआय स्वच्छ होता. तो दिवस मी विसरत नाही.

उलट टोकही असतं. कुशिंग आजारात (पिट्युटरीच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, त्या आजारात) रक्त ओरडून सांगतं की गाठ आहे आणि एमआरआय रिकामा. साध्या पद्धतीने केला तर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या रुग्णांपर्यंत गाठ दिसत नाही. तिथे रेघोटी करतात तो ‘डायनॅमिक’ एमआरआय लागतो: कॉन्ट्रास्ट देताच काही सेकंदांच्या अंतराने चित्रं घेत राहायची. चांगली ग्रंथी आधी उजळते, गाठ मागाहून, तेवढ्या अवधीत गाठ काळी उठून दिसते. तरीही सापडली नाही, किंवा ६ मिलिमीटरहून लहान काहीतरी दिसलं, तर जांघेतल्या शिरेतून नळ्या थेट ग्रंथीजवळच्या शिरांपर्यंत नेऊन दोन्ही बाजूंचं रक्त घेतात. तिथलं एसीटीएच (कॉर्टिसॉल वाढवणारं पिट्युटरीचं संप्रेरक) हाताच्या रक्तापेक्षा दुपटीहून जास्त, किंवा औषधाने उद्दीपन केल्यावर तिपटीहून जास्त निघालं, तर उगम पिट्युटरीतच. कारण एमआरआयमध्ये १० टक्क्यांच्या आसपास धडधाकट माणसांतही बारीकसा ठिपका सापडतो. दिसला ठिपका आणि काढला, असं करून चालत नाही.

शमी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? संप्रेरक, टीएसएच झालं होतं, नॉर्मल. प्रोलॅक्टिन ६८ होतं आणि पातळ करून कोणी मोजलं नव्हतं. मी तुमचा मजकूर दाखवून विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी मोजलं. ७१. म्हणजे देठावरचा दाबच.

सीटी झाला, नेव्हिगेशनचा एमआरआयही झाला. ताईच्या डोळ्यांवर फडकं ठेवलं होतं. सर्जननी आम्हा दोघींना पडद्यासमोर बसवून वीस मिनिटं सगळं दाखवलं. स्फेनॉइडमधला हाडाचा पडदा खरंच उजव्या कॅरोटिडला चिकटलेला आहे. चांगली ग्रंथी डावीकडे चपटी होऊन बसली आहे आणि तो पांढरा ठिपका वर-मागे सरकलाय. ताईने स्वतः विचारलं, “मग तुम्ही उजवीकडून सुरुवात कराल ना?” ते म्हणाले, “हो, आणि डावीकडे हात जपून.” त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली.

एक विचारायचं राहिलं. ते म्हणाले, नेव्हिगेशनवर सगळं अवलंबून नाही. मग ते कशाला?

खोलदरी

नेव्हिगेशन दाखवतं ते कालचं चित्र. गाठ रिकामी होत गेली की छप्पर खाली येतं, बाजू आत सरकतात, यंत्राला ते कळत नाही. हाड हलत नाही, म्हणून हाडाच्या वाटेवर ते भरवशाचं, १-२ मिलिमीटरपर्यंत. आत मऊ भागात डोळ्यांनी पाहायचं. धमनी कुठे आहे ते बारीक डॉप्लरने आवाज ऐकून पुन्हा तपासतो. काही ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय करायची सोय असते.

शमी

ऑपरेशन होऊन आज बारावा दिवस. गाठ मऊ निघाली. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, “तुझ्या दोन्ही बांगड्या दिसतायत.” मी तिच्या शेजारी बसले होते, समोर नव्हते.

आता काळजी अशी की दुसऱ्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी पांढरं काहीतरी दिसतंय. रिपोर्टमध्ये ‘शस्त्रक्रियेनंतरचे बदल’ असं लिहिलंय. गाठ राहिली की काय?

पडछाया

पोटातली चरबी भरली होती का ते विचारा. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू नये म्हणून भरतात. ती टी-१ चित्रात कॉन्ट्रास्ट देण्याआधीच पांढरी दिसते, म्हणून आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून बघायचं. सुरुवातीच्या दिवसांत रक्त, सूज, भरलेला भाग असं सगळं मिसळलेलं असतं. पुढे चरबी विरघळत जाते. खरं मोजमाप तीन महिन्यांच्या एमआरआयवर करू.

शमी

हो, चरबी भरली होती. पोटावर लहानसा टाका आहे, मी तो विसरूनच गेले होते.

रेघोटी

शमीताई, तीन महिन्यांचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा आणि येताना ऑपरेशनआधीच्या तिन्ही सीडी घेऊन या. कॉन्ट्रास्टआधीचे पातळ काप सांगून घ्या, घाईत ते वगळले जातात. आणि त्याच आठवड्यात डोळ्यांची फील्ड (दृष्टिक्षेत्राची) तपासणी ठेवा. ताईंना सांगा, फडकं घरून आणलं तरी चालेल.